मरियाबाईंचा मोगरा

दुसऱ्याच्या अंगणातली फुलं तोडणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. पहाटे फिरायला म्हणून निघायचं, पायात पांढरे बूट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, आणि लोकांच्या कुंपणावरून वाकून कळ्यासुद्धा ओरबाडायच्या. तोंडाने मात्र देवाचं नाव चालू. अशा लोकांना आमच्या कॉलनीत भाविक म्हणतात. मी त्यांना काय म्हणते ते माझ्या शिलाई मशीनला ठाऊक आहे, इथे लिहिता येणार नाही.

आमची कॉलनी नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीला खेटून आहे. बहुतेक घरं कारखान्यांत काम करणाऱ्यांची, लहान आणि एकसारखी. मी ब्लाउज शिवते. माझं मशीन पुढच्या खोलीत खिडकीपाशी आहे आणि खिडकीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, मरियाबाईंचं फाटक. त्यामुळे त्या फाटकातून कोण आत गेलं आणि कुंपणावरून कुणाचा हात आत गेला, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मरियाबाईंना मी मावशी म्हणते. त्यांचं माहेर कोल्हारचं. प्रवरेच्या काठी वाढलेली बाई लग्न करून या खडकाळ माळावर आली, जिथे नळाला पाणी यायची वाट पाहण्यात बायकांचा निम्मा जन्म जातो. त्या एका दवाखान्यात आया होत्या. त्यांचे मालक सत्यवानकाका एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर. मूलबाळ नाही. दोघांनी मिळून दोन खोल्यांचं घर बांधलं, आणि घराच्या पुढे चार खाटा मावतील एवढी जागा राहिली तिथे बाग केली.

बाग म्हणजे काय, तर काकांच्या कारखान्यातल्या भंगाराला फुटलेली पालवी. वायसर कापून उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या असतात ना, गोल गोल भोकांच्या, त्यांचं कुंपण. ऑइलचे ड्रम मधोमध कापून केलेल्या कुंड्या. फाटकाला सायकलची जुनी घंटी. ती काकांनी मुद्दाम बसवली होती. ज्याला फुलं हवीत त्याने घंटी वाजवावी, असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

आणि फुलं तरी किती! नगरच्या उन्हाळ्यात जिथे माणूस दुपारी दार उघडायला धजत नाही, तिथे या बाईंच्या ड्रमांत गलांडा लाल-पिवळा होऊन उभा. सदाफुली तर ऊन वाढेल तशी जास्तच खुशीत. कोपऱ्यात जास्वंद, कुंपणावर कागदी फुलांची बोगनवेल, कोल्हारहून आणलेला अनंत. मे महिन्यात जमिनीतून एकदम डोकं काढणारे ते लाल चेंडू, मे फ्लॉवर, ते वेगळेच. आणि फाटकाच्या आत, पायरीला लागून, मोगरा. माझ्या कमरेपेक्षा उंच, गोल, हिरवागार. मावशी हिवाळ्यात त्याचं पाणी तोडायच्या, मग एक दिवस त्याची सगळी पानं हाताने ओरबाडून त्याला उघडाबोडका करायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. मग खत, मग पाणी, आणि चैत्र लागला की कळ्याच कळ्या.

पाणी कुठून आणायच्या हे विचारू नका. तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला, भाजीचं गलांड्याला. आंघोळीचं पाणी काकांनी पाइप लावून बागेत सोडलेलं. संध्याकाळी ऊन उतरलं की मावशी झारीने सगळ्या झाडांवर शिंपण करायच्या आणि तापलेल्या मातीचा तो वास सुटला की खुर्ची टाकून चहा घेऊन बसायच्या, पाय ओल्या मातीत. ते बघून माझंसुद्धा अंग थंड व्हायचं. मी मशीन बंद करून जायची आणि शेजारच्या पायरीवर बसायची. दिवसभरात तेवढाच एक तास मला माणसासारखा वाटायचा.

मागणाऱ्याला मावशींनी कधी नाही म्हटलं नाही. कुणाच्या लग्नाला गजरे हवेत, कुणाच्या पोरीचं गॅदरिंग आहे, कुणाकडे सत्यनारायण आहे, घंटी वाजवा आणि पदर पसरा. "तोंडानं मागितलं की देव बी देतो, मग मी का न्हाई देनार?" हे त्यांचं ठरलेलं बोलणं. देताना वर दोन पानंही खोवून द्यायच्या, शोभा यावी म्हणून.

पण घंटी वाजवायची म्हणजे मागावं लागतं. आणि मागायचं म्हटलं की आमच्या भाविकांची मान ताठ होते.

या भाविकांचे पुढारी म्हणजे आबासाहेब. सरकारी नोकरीतून निवृत्त, कॉलनीच्या गणपतीच्या देवळाचा सगळा कारभार यांच्याकडे. त्यांच्या काठीच्या टोकाला वाकवलेली तार आहे. उंचावरची फांदी खाली ओढायला! म्हणजे चोरीला अवजारसुद्धा घरून आणायचं. एकदा मी खिडकीतूनच ओरडले, तर हसून म्हणाले, "देवासाठी नेलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, अश्विनीताई. उलट ज्याचं झाड, त्याला पुण्य." पुण्य वाटायचा ठेका यांना कुणी दिला, कोण जाणे. बरं, यात फक्त देवळातलेच होते असंही नाही. मावशींच्या चर्चमधला रॉबिन, गाणाऱ्यांत पहिल्या रांगेत उभा राहणारा, तोही एकदा वेदीसाठी म्हणून कुंपणात हात घालताना सापडला. मावशींनी त्याचा कान असा पिरगाळला की पुढच्या रविवारी तो बेसूर गात होता म्हणे.

आणि आता घरचंच सांगते. माझ्या सासूबाई, मालनबाई, त्यासुद्धा या पहाटेच्या फौजेत होत्या. गावाकडून आमच्याकडे राहायला आल्या तशा दोन महिन्यांत सामील झाल्या. मी भांडले की म्हणायच्या, "चार फुलांनी काय त्यांचं झाड वाळनार हाय व्हय?" चार फुलं यांची, चार त्यांची, आणि पिशव्या भरून आबासाहेबांच्या. सूर्य वर येईपर्यंत मोगऱ्यावर पानांशिवाय काही राहायचं नाही.

काकांना मात्र हे कधी टोचलं नाही, की टोचलं तरी बोलले नाहीत. कारखान्यात बहुतेक रात्रपाळी, निवृत्तीनंतरही एका गोदामावर रात्रीची ड्यूटी. सकाळी उन्हं अंगणात आली की डबा हलवत घरी. फाटकातून आत येताना मोगऱ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "आज किती फुलला होता गं?" मावशी म्हणायच्या, "लई फुलला हुता." हे मी रोज ऐकायची. मग काका मान हलवायचे आणि आत जाऊन झोपायचे.

गेल्या वर्षी ईस्टर झाला आणि पंधरवड्यात काका गेले. छातीत कळ आली, बस. गल्लीतले सगळे मातीला आले होते, आबासाहेबसुद्धा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची काठी पुन्हा कुंपणावर होती. मी पाहिलं. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या मनातून जो उतरला तो उतरलाच.

यंदाचा ईस्टर म्हणजे काका गेल्यानंतरचा पहिला. ईस्टरच्या पहाटे मावशींचे लोक दफनभूमीत जातात. आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, मेणबत्त्या लावतात, फुलं घालतात, आणि उगवत्या सूर्याच्या तोंडावर उपासना होते. मावशींनी फेब्रुवारीपासूनच मोगरा हातात घेतला होता. पानं काढली, शेणखत घातलं, पाण्याचा अंदाज असा ठेवला की बहर ईस्टरलाच यावा. "ह्यांनी लावल्यालं झाड हाय. ह्यांच्या पायाशी त्याचंच फूल पायजे. टोपली भरून पायजे," असं त्या मला कितीतरी वेळा म्हणाल्या. बाईला आयुष्यात एवढंच हवं होतं, आणि ते स्वतःच्याच झाडाचं हवं होतं.

पण भाविकांचं काय करायचं? शेवटी मी मच्छरदाणीचं कापड आणलं आणि मोगऱ्याला चक्क झबलं शिवलं. वरून गोल, खालून नाडी. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघींनी ते झाडाला घातलं आणि बुंध्याशी नाडी आवळून मी गाठ मारली. झाड नवरीसारखं दिसायला लागलं. मावशी खूप दिवसांनी हसल्या.

शनिवारी संध्याकाळी जाळीच्या आत कळ्या टपटपीत झाल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, आत्ताच तोडू. ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी उमलतील."

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी प्रभू गेला, रविवारी उठला. त्या मधी आमी फूल तोडत न्हाई. माझी आई न्हाई तोडायची, सासू बी न्हाई. शनवारी चर्चमधी वेदीवर बी फूल नसतं. उद्या पहाटं तोडीन, ताजं."

मला तेव्हाच धाकधूक होती. पण त्यांच्या रीतीत मी कोण बोलणार?

रविवारी पहाटे, अजून अंधार होता, त्यांच्या अंगणातून हाक आली, "अश्विनी!" एवढीच. मी तशीच गाऊनवर ओढणी घेऊन पळाले. मावशी आंघोळ करून पांढरी साडी नेसून पायरीवर उभ्या होत्या, हातात वेताची टोपली. टोपली रिकामी. त्या उठायच्या आधीच काम झालं होतं. मोगऱ्यावर एक कळी, एक, शिल्लक नव्हती. आणि माझं शिवलेलं झबलं? ते फाडलं नव्हतं. नाडीची गाठ नीट सोडवून, चारपदरी घडी घालून, फाटकावर वाळत घातल्यासारखं ठेवलं होतं.

ती घडी बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, फाडलं असतं तर चोर म्हणून शिव्या तरी घातल्या असत्या. घडी घालून ठेवणाऱ्याला काय म्हणायचं?

मावशी नुसत्या झाडाकडे बघत होत्या. मी आधी माझ्या घरात गेले. देव्हाऱ्यापुढे सासूबाई बसलेल्या, आणि ताम्हनात मोगऱ्याची ओंजळभर फुलं.

"आई, ही कुठून आली?"

"आबासायबांनी दिली. देवळात ढीग पडलाय. आज संकष्टी हाय न्हवं."

"ती सत्यवानकाकांच्या कबरीसाठी होती. वर्षभर वाट पाहिली त्या बाईंनी. तुम्हाला माहीत होतं!"

सासूबाईंनी मान खाली घातली. मी पुढचं ऐकायला थांबलेच नाही. मावशींचा हात धरला आणि देवळात गेले. सासूबाईही मागोमाग आल्या.

देऊळ लहानसं आहे. समोर घंटा टांगलेली. त्या घंटेचा दांडा काकांनी लेथवर कातून दिला होता, देवळाचं काम म्हणून रजा टाकून. हे मला नेमकं तेव्हा आठवलं आणि आणखी चीड आली. आत गणपतीच्या पायापासून सोंडेपर्यंत मोगराच मोगरा. पाच-सहा बायका हात जोडून उभ्या. आबासाहेब सोवळं नेसून फुलांचा ढीग सारखा करत होते.

"आबासाहेब, त्या झाडाला जाळी होती. नाडीला गाठ मी मारली होती. ती कुणी सोडली?"

"मीच," ते म्हणाले. आवाजात लाज म्हणून नाही. "आणि तुमचं कापड व्यवस्थित घडी करून ठेवलं. नुकसान करायची आपली पद्धत नाही."

"नुकसान नाही? या बाईंना ती फुलं आत्ता, या घटकेला हवी होती!"

मग ते मावशींकडे वळले, लहान मुलाला समजावतात तशा सुरात. "कशासाठी हवी होती, मरियाबाई?"

"ह्यांच्या कबरीवर घालायला."

"अरेरे. मग तर उलट चांगलंच झालं म्हणायचं. मातीत जायची, ती देवाच्या पायाशी आली. सत्यवानलासुद्धा त्याचं पुण्य लागेल."

मी तोंड उघडणार होते. कोणते शब्द बाहेर आले असते देव जाणे, आणि तो समोरच बसला होता. पण मावशींनी माझा हात दाबला. इतकी वर्षं ज्या बाईचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता, ती तेव्हाही आवाज न चढवता बोलली. पण देवळात सगळ्यांना ऐकू गेलं.

"मातीत जायची म्हनता, आबासायब? ती आल्यात बी मातीतूनच. माझी सासू गेली तवा ह्यांनी तिच्या कबरीवर मोगरा लावला. तिला लई आवडायचा. पुढं हितं घर बांधलं, तवा त्याच मोगऱ्याची फांदी मातीत दाबून, मुळं फुटल्यावर कापून ह्यांनी हितं आनली. संगं कबरीवरची पोतंभर माती बी आनली, झाडाला सवयीची पायजे म्हनून. तुमी इतकी वर्सं देवाला वाहताय ती माझ्या सासूच्या उशाची फुलं हायेत."

आबासाहेबांचा हात फुलांच्या ढिगावर होता. तो त्यांनी तापलेल्या तव्याला लागल्यासारखा मागे घेतला. बायका दोन पावलं मागे सरकल्या. एकीने कपाळाला लावलेलं फूल पटकन खाली टाकलं.

"स्मशानातलं झाड?" आबासाहेबांचा आवाज चिरकला. "देवाला स्मशानातली फुलं? अहो, हे तुम्ही आधी सांगायला नको होतं का?"

"तुमी आधी इचारलं हुतं का?" मावशी म्हणाल्या. "घंटी वाजवून इचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

खरं सांगते, त्या क्षणी देवळाची घंटा मीच बडवावी असं मला वाटलं.

मग जी धांदल उडाली ती काय वर्णावी! ज्या फुलांसाठी पहाटे अंधारात गाठी सोडवल्या, त्यांना आता बोट लावायला कुणी तयार नाही. आबासाहेबांनी पूजेच्या पळीने एकेक फूल ढकलत प्लास्टिकच्या पिशवीत लोटलं. सोंडेवरचं पडेना, तर उदबत्तीच्या काडीने पाडलं. पिशवी भरली तशी दोन बोटांत, अंगापासून लांब धरून, मावशींसमोर केली. "घेऊन जा बाई हे इथून."

मावशींनी टोपली पुढे केली. "ह्यात वता."

ओतली. आम्ही परत फाटकाशी आलो तोवर बातमी गल्लीभर झाली होती. ज्या ज्या घरात आबासाहेबांनी प्रसाद म्हणून फुलं दिली होती, त्या त्या घरातून माणसं येत होती. कुणी कागदात, कुणी ताटलीत, कुणी सुपलीत आणून फाटकाबाहेर ठेवत होतं आणि पाठ न दाखवता मागे सरकत होतं. चोरलेला माल दारात परत येताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. आणि माफी? ती एकानेही मागितली नाही. हात धुवायला मात्र सगळे पळाले.

टोपली काठोकाठ भरली. मी स्कूटी काढली आणि मावशींना मागे बसवून दफनभूमीत नेलं. उपासना सुरू झाली होती, पूर्वेला तांबडं फुटत होतं. काकांची कबर त्यांच्या आईच्या शेजारीच आहे. मावशींनी ती पाण्याने धुतली, मेणबत्ती लावली आणि टोपली उपडी केली. मातीचा कण दिसेना इतकी फुलं झाली.

आणि शेजारी सासूच्या उशाशी तो मूळ मोगरा. कुणाचा हात न लागलेला. पानांपेक्षा फुलंच जास्त, वरची उमललेली, खाली गळून पडलेल्यांचा सडा. मी बघतच राहिले. मोगऱ्याचं पूर्ण फुललेलं झाड असं दिसतं, हे मला त्या पहाटेपर्यंत ठाऊकच नव्हतं. मोगऱ्याच्या बरोबर समोर राहून!

वाटलं, संपलं एकदाचं. कसलं काय. त्याच संध्याकाळी देऊळ धुऊन काढलं, गोमूत्र शिंपडलं, आणि आबासाहेबांनी कॉलनीची बैठक बोलावली. विषय काय, तर स्मशानातलं झाड वस्तीत असू नये, मरियाबाईंनी ते काढून टाकावं. इतकी वर्षं त्याच झाडाच्या फुलांनी यांचे नवस फेडले, परीक्षा पास झाल्या, सुना बाळंत झाल्या. तेव्हा गणपती काही बोलला नाही, आणि आता एकदम सगळ्यांना विटाळ आठवला. चोरी चालते, कबर चालत नाही! मी उभी राहून हे सगळं बोलले. तोंड सुटलं माझं, कबूल आहे. नवरा माझा हात ओढत होता, तरी बोलले.

पण बैठक मोडली ती माझ्या बोलण्याने नाही. कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई उठल्या.

"आमच्या देव्हाऱ्यातली फुलं म्या काढली न्हाईत," त्या म्हणाल्या. "सासूच्या उशाची हायेत म्हनं. मंग काय झालं? म्हाताऱ्या मानसाच्या मायेचीच हायेत की. माझा देव काय भ्याला न्हाई. लाज वाटली ती येगळ्याची वाटली." एवढं म्हणून पदर डोक्यावर घेऊन त्या घरी निघून गेल्या. मागोमाग एकेक बाई उठली. झाड काढायचा विषय तिथेच विरला.

दुसऱ्या दिवसापासून पहाटेची फौज आमच्या गल्लीतून जायचीच बंद झाली. पांढरे बूट पलीकडच्या रस्त्याने जाऊ लागले. पंधरवड्यात मोगऱ्याला पुन्हा बहर आला आणि या वेळी कुणी हात लावला नाही. सकाळी उन्हं अंगणात आली तरी झाड पांढरंशुभ्र. मी मशीनवर बसले होते, माझ्या हातून ब्लाउजची बाही उलटी लागली, इतकं ते बघण्यासारखं होतं.

तेवढ्यात घंटी वाजली. काकांची सायकलची घंटी. बघते तर आमच्या सासूबाई, फाटकाबाहेर, हात जोडून.

"मरियाबाई, चार फुलं देता का? इचारून न्हेते."

मावशींनी फाटक उघडलं. चार मागितली होती, पदर भरून दिली, आणि वर दोन पानं खोवली.

मग आठवड्याभराने घंटी परत वाजली. या वेळी आबासाहेब. काठी होती, पण टोकाची तार काढलेली. मोगऱ्यापासून चार हात लांब उभे राहून त्यांनी काठीने जास्वंदीकडे दाखवलं. "मरियाबाई, हे झाड कुठून आणलंय?"

"नर्सरीतून."

"आणि तो अनंत?"

"माहेरून. कोल्हारच्या."

"कुठे होता तिथे? म्हणजे, अंगणातच ना?"

"अंगनातच."

आबासाहेबांचा चेहरा खुलला. खिडकीत बसून माझा मात्र जळफळाट झाला. या माणसाने अखेर घंटी वाजवून विचारलं, पण विचारलं काय? झाडाचं कूळ!

"मग घेऊ का थोडी?" ते म्हणाले. हात पुढे झालाच होता.

"न्हाई," मावशी म्हणाल्या.

मागणाऱ्याला त्यांनी दिलेला तो पहिला नकार. आबासाहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते तसेच उभे राहिले. मावशींनी फाटक लावलं, कडी घातली आणि मोगऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. मी काम टाकून गेले आणि पायरीवर बसले. म्हटलं, "मावशी, शाबास. बरं केलंत."

त्या हसल्या नाहीत. झाडावर ऊन पडलं होतं आणि त्या एकटक तिकडे बघत होत्या.

"ड्यूटीवरून आले की रोज इचारायचे, किती फुलला हुता," त्या म्हणाल्या. "मी म्हनायची, लई. मी तरी कुठं बघितला हुता गं? ते यायच्या आधीच समदं खुडून न्हेल्यालं असायचं. त्यांनी लावला, पानी घातलं, अन् फुललेला एकदा बी बघितला न्हाई. आज खरंच लई फुललाय, अश्विनी. आज सांगू कुनाला?"